विश्लेषण : मुलांसह घारापुरीला जाताय? खाडीपलीकडच्या लेण्यांविषयी काय ठाऊक असावे?

नाताळच्या सुट्टीत नवी मुंबईतील अनेक घरांच्या व्हॉट्सअॅप समूहांवर अमेरिकेतील नातेवाइकांची छायाचित्रे येऊ लागतात. मायामी किंवा गॅल्व्हेस्टनहून निघालेली क्रूझ, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एका दिवसाचा थांबा आणि माया संस्कृतीच्या दगडी अवशेषांसमोर टोप्या घालून उभी असलेली मुले. नेरुळ, बेलापूर किंवा उलव्यात बसून ती पाहणाऱ्या कुटुंबांच्या सहसा लक्षात येत नाही, की बोट, बेट आणि दीड हजार वर्षांपूर्वीचे दगडी काम हे सगळे खाडीच्या तोंडाशीच आहे. युनेस्कोने १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेली घारापुरीची लेणी मुंबईची म्हणून ओळखली जातात. प्रत्यक्षात हे बेट रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात आहे. तिथे मुलांना नेताना बोटीपासून मूर्तींपर्यंत कशाकडे लक्ष द्यावे आणि त्यांच्या प्रश्नांना काय उत्तर द्यावे, याचा हा आढावा.

माया अवशेष आणि घारापुरीत साम्य काय?

पहिले साम्य काळाचे. मेक्सिको आणि ग्वाटेमालातील माया नगरांचा भरभराटीचा काळ साधारण इ.स. २५० ते ९०० असा मानला जातो. घारापुरीचे मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्यास कोरले गेले, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे इकडे कातळावर छिन्नी चालत होती, तेव्हा तिकडे टिकालसारख्या नगरांत पिरॅमिड उभे राहत होते. पालेन्के या माया नगराचा राजा पकाल इ.स. ६१५ मध्ये गादीवर बसला, तेव्हा तो अवघा १२ वर्षांचा होता. सहावी-सातवीतल्या मुलाला ही एक गोष्ट सांगितली, तर सनावळ्यांची यादी सांगावी लागत नाही. त्याच सुमारास दख्खनमध्ये चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. त्याच्या इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात पश्चिम समुद्रातील ‘पुरी’ नावाच्या नगरीवर शेकडो नौका नेल्याचा उल्लेख आहे आणि त्या नौकांना मदमस्त हत्तींची उपमा दिली आहे. ही पुरी म्हणजेच घारापुरी, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते ती कोकणातील राजपुरी असावी.

दुसरे साम्य समुद्राचे. क्रूझ जिथे थांबते त्या कोझुमेल बेटावर सान हेर्वासिओ नावाचे माया अवशेष आहेत. इश्चेल या देवीच्या दर्शनासाठी मुख्य भूमीवरून भाविक होड्यांनी तिथे येत. घारापुरीलाही होडीशिवाय वाट नव्हती आणि आजही नाही.

फरक मात्र मुलांना आधी समजावून द्यावा असा आहे. माया पिरॅमिड बांधलेले आहेत. चुनखडीचे दगड एकावर एक रचून ते वर चढवले गेले, तेही धातूच्या अवजारांशिवाय. घारापुरीत काहीच रचलेले नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तयार झालेला बेसाल्टचा डोंगर लोखंडी छिन्नीने आतून पोखरून देऊळ मोकळे केले आहे. तिथला खांब वर ठेवलेला नाही, त्याच्या भोवतालचा दगड काढून टाकला आहे. चूक झाली तर नवा दगड आणायची सोय नव्हती. चित्र काढताना खोडरबर शोधणाऱ्या मुलांना यातली अडचण चटकन कळते.

बेट जवळ, वाट लांब?

सीबीडी बेलापूरच्या एखाद्या कुटुंबाला घारापुरीला जायचे असेल, तर रुळलेला मार्ग असा : हार्बरच्या लोकलने तासाभरात सीएसएमटी, तिथून टॅक्सी वा बसने गेटवे ऑफ इंडिया, तिकिटाची रांग आणि मग साधारण तासाभराचा बोटीचा प्रवास. घरातून निघून बेटावर पाय ठेवेपर्यंत तीन तास सहज जातात. आपल्याच बाजूच्या बेटावर जाण्यासाठी आधी सगळी मुंबई ओलांडायची, मग समुद्रातून पुन्हा अर्धी वाट मागे यायचे, असा हा प्रकार.

थेट जलमार्गाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूर जेट्टीवरून वॉटर टॅक्सीचे उद्घाटन झाले. नेरुळला सिडकोने नवी जेट्टी बांधली. मात्र चढे भाडे आणि तुटपुंजा प्रतिसाद यांमुळे या भागातील जलवाहतूक सलगपणे रुळली नाही. सेवा सुरू होतात, थांबतात, पुन्हा जाहीर होतात. पनवेल खाडीचे स्वतःचेही गणित आहे. गाळामुळे ओहोटीला पाणी उथळ होते आणि बोटींच्या वेळा भरतीवर अवलंबून राहतात. त्यामुळे नवी मुंबईच्या जेट्टीवरून जाण्याचा बेत आखताना त्या दिवशीची फेरी आहे की नाही, याची आदल्या दिवशी खात्री करून घेणे भाग आहे. परतीची तर नक्कीच.

फेरी मिळाली, तर मात्र हा रस्ता गेटवेच्या रस्त्यापेक्षा सरस ठरतो. दोन्ही काठांना खारफुटी, हिवाळ्याच्या सुमारास चिखलावर उतरलेले रोहित पक्षी आणि मग १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूखालून जाणारी बोट. २१.८ किलोमीटरच्या या पुलावरून मोटारीने गेलेल्या मुलांनी त्याचे खांब पाण्याच्या पातळीवरून पाहिलेले नसतात. पुढे जवाहरलाल नेहरू बंदराच्या उंच क्रेन दिसू लागतात आणि त्यांच्या समोरच दोन टेकड्यांचे हिरवे बेट.

उरणच्या बाजूने मोरा आणि न्हावा येथून स्थानिकांच्या होड्या बेटावर ये-जा करतात. नेरुळ-उरण लोकल २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत धावू लागल्याने मोऱ्याला पोहोचणे आता सोपे झाले आहे. पण या होड्यांच्या वेळा बेटावरच्या रहिवाशांच्या गरजेनुसार ठरतात, सहलीला आलेल्यांच्या सोयीनुसार नाही. लहान मुले बरोबर असताना भाड्याच्या खासगी होडीत बसण्यापूर्वी ती प्रवासी वाहतुकीसाठी परवानाप्राप्त आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

बोटीत बसण्यापूर्वी काय पाहावे?

हा प्रश्न १८ डिसेंबर २०२४ नंतर औपचारिक राहिलेला नाही. त्या दुपारी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी सुरू असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. १५ जणांचा मृत्यू झाला. मृतांत लहान मुलेही होती; बेपत्ता असलेल्या सात वर्षांच्या मुलाचा मृतदेह तीन दिवसांनी हाती लागला. बोटीला ८४ प्रवासी आणि सहा कर्मचाऱ्यांची परवानगी होती, प्रत्यक्षात शंभराहून अधिक माणसे तिच्यावर होती, हे नंतर समोर आले. मदतीला लवकर पोहोचलेल्यांत बंदराच्या सुरक्षेसाठी तैनात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची गस्ती बोट होती. बुडत्या बोटीवरचे काही पालक आपली मुले वाचावीत म्हणून त्यांना पाण्यात सोडण्याच्या बेतात होते, जवानांनी त्यांना थांबवले आणि आधी मुलांना उचलून घेतले, असे त्या जवानांनीच नंतर सांगितले.

या अपघातानंतर प्रवासी बोटींवर जीवरक्षक जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले. कागदावर सक्ती असणे आणि आठ वर्षांच्या मुलाच्या अंगावर त्याच्या मापाचे जॅकेट असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या गळ्यातून घातले, तर पाण्यात पडल्यावर ते वर सरकते आणि मूल त्यातून खाली निसटू शकते. म्हणून बोटीत चढण्यापूर्वीच लहान मापाचे जॅकेट मागावे, पट्टे आवळून घ्यावेत, आणि खांद्यापाशी जॅकेट वर ओढून पाहावे. ते हनुवटीपर्यंत सरकले, तर माप चुकले. गरम होते म्हणून काढून आसनाखाली ठेवलेल्या जॅकेटचा काही उपयोग नाही. बोट गच्च भरलेली दिसली, तर पुढच्या बोटीची वाट पाहावी. अर्धा तास गेला तर सहलीचे काही बिघडत नाही.

मुलांना वरच्या डेकवर बसायचे असते, हे प्रत्येक पालकाला माहीत असते. वारा, समुद्रपक्षी आणि मोठी जहाजे तिथूनच नीट दिसतात. पण खरा धोका बहुतेकदा चढता-उतरताना असतो. गर्दीच्या वेळी बोटी एकमेकींना खेटून लागतात आणि एका बोटीतून दुसरीत पाऊल टाकून धक्क्यावर यावे लागते. अशा वेळी एका मोठ्या माणसाच्या हातात एकच मूल, आणि दुसऱ्या हातात पिशवी वा मोबाइल नाही, एवढे पथ्य पाळले तरी पुरे. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद होतात. शाळकरी मुलांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा.

लेण्यापर्यंतचा रस्ता...

शेतबंदरच्या धक्क्यावर उतरल्यावर छोटी गाडी मुलांची वाट पाहत असते. चालतही जाता येते, पण मुले असताना गाडी चुकवणे अशक्यच. पुढे सुमारे १२० पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, दगडी हत्ती, शंख-शिंपले यांची दुकाने. इथे अनुभवी पालक एक साधा करार करतात : वर जाताना काही घ्यायचे नाही, उतरताना एक वस्तू. हा करार न करणाऱ्यांचा पहिला अर्धा तास पायऱ्यांवरच जातो आणि लेण्यात पोहोचेपर्यंत ऊन चढलेले असते.

माकडांचा उपद्रव खरा आहे. हातातली वेफर्सची पिशवी किंवा शीतपेयाची बाटली त्यांना लांबूनच कळते. खाणे बॅगेत, बॅगेची चेन बंद, आणि माकडाने काही हिसकावलेच तर ते परत मिळवण्याचा प्रयत्न करू नये. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. लेणी सोमवारी बंद असतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या नियमानुसार १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश तिकीट लागत नाही.

पहिल्या लेण्यात मुलांना काय दाखवावे?

बेटावर सात लेणी आहेत. पाच हिंदू आणि दोन बौद्ध. मुलांसाठी खरे तर पहिले लेणे पुरेसे आहे. बाकीच्यांपैकी बरीच अपूर्ण वा झिजलेली आहेत आणि ‘सगळी बघून टाकू’ या हट्टापायी मुले कंटाळतात, मोठे चिडतात आणि शेवटी कोणाच्याच लक्षात काही राहत नाही.

पहिल्या लेण्यात उत्तरेकडून शिरले की सुरुवातीला फक्त अंधार आणि खांब दिसतात. डोळे सरावायला मिनिटभर द्यावे. प्रवेशापासून मागच्या भिंतीपर्यंत साधारण ३९ मीटर अंतर आहे, आणि त्या भिंतीत हळूहळू तीन चेहरे आकार घेऊ लागतात. मुलांना थेट त्यांच्यासमोर नेऊन उभे करण्यापेक्षा दारातूनच ‘आत कोणीतरी दिसतेय का’ असे विचारले, तर त्यांना तो क्षण स्वतःचा स्वतः सापडतो.

सुमारे सहा मीटर उंचीच्या या शिल्पाला सर्रास त्रिमूर्ती म्हटले जाते आणि शाळेतही ब्रह्मा-विष्णू-महेश असेच सांगितले जाते. अभ्यासकांच्या मते मात्र ही सदाशिवाची मूर्ती आहे. तिन्ही चेहरे एकट्या शिवाचेच. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचा चेहरा रागीट, मिशा असलेला, हातात नाग असलेला, तो अघोर. मधला डोळे मिटलेला, शांत, तत्पुरुष. उजव्या हाताचा मृदू, बाईसारखा, हातात कमळ, तो वामदेव. चौथा चेहरा मागे, कातळात आहे असे गृहीत धरायचे आणि पाचवा दाखवलेलाच नाही. एकच माणूस रागावतो, गप्प बसतो आणि लाडही करतो, हे मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. प्रत्येक घरात त्याचे उदाहरण असते. ‘ब्रह्मा-विष्णू-महेश’ हे उत्तर पाठ असलेल्या मुलाला दुसरेही एक उत्तर आहे, हे इथे पहिल्यांदा कळू शकते. त्यासाठी पालकांना आधी ते माहीत हवे.

सदाशिवाच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूला गंगाधर आहे. अर्धनारीश्वराच्या शिल्पात नंदी कुठे आहे, ते मुलांना शोधायला सांगावे. शिवाचा हात त्याच्यावर सहज टेकलेला आहे. शिवपार्वतीच्या विवाहाच्या शिल्पातली पार्वती जरा लाजलेली आहे, आणि ती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे. पत्नीची जागा डावीकडची. म्हणजे लग्न अजून लागायचे आहे. लग्नाच्या हॉलमध्ये तासन् तास काढलेल्या मुलांना हा तपशील आवडतो. कैलास हलवणारा रावण दुसरीकडे आहे. दहा तोंडांच्या बलाढ्य राजाने डोंगर उचलायला घ्यावा आणि शिवाने पायाच्या अंगठ्याने तो दाबून धरावा, ही गोष्ट मराठी घरांत आजही सांगितली जाते. इथे ती दगडात पाहता येते, पण शिल्प इतके भग्न आहे की गोष्ट आधी माहीत नसेल तर काहीच कळत नाही. म्हणून गोष्टी बोटीतच सांगून ठेवाव्यात. तासाभराच्या प्रवासात दोन-तीन गोष्टी आरामात होतात.

नटराजाच्या शिल्पाजवळ गणपती आहे. तो सापडल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा खेळ बहुतेक मुलांना पुरतो. अंधकासुराचा वध करणारा शिव मात्र लहान मुलांना भीतिदायक वाटू शकतो. सुळे दिसणारा चेहरा, उगारलेले हात. घाबरणाऱ्या मुलाला ओढून तिथे नेण्याचे कारण नाही.

‘हे कोणी तोडले?’

हा प्रश्न प्रत्येक मूल विचारते. नटराजाचे बहुतेक हात तुटलेले, द्वारपालांचे पाय गेलेले, रावणाचे तर धडच उरलेले. प्रश्न साधा असतो, पण मोठ्यांच्या तोंडी येणारी तयार उत्तरे बहुतेकदा अर्धवट असतात.

ठाऊक आहे ते इतके. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि हे बेटही त्यांच्याकडे गेले. त्याच सुमारास गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने लेणी पाहिली. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात त्यांचा उल्लेख आहे. पोर्तुगीज सैनिकांनी मूर्तींवर बंदुका चालवल्या, असे परंपरेने सांगितले जाते आणि बरीच मोडतोड त्यांच्या काळातली मानली जाते. पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. या लेण्यांत शतकानुशतके पावसाचे पाणी झिरपले, खारा वारा दगडाला लागत राहिला, गुरे आत बांधली गेली. खांब तर आपोआपही कोसळले. आज दिसणाऱ्या खांबांपैकी काही विसाव्या शतकातील दुरुस्तीत नव्याने उभे केलेले आहेत. निरखून पाहिले तर त्यांच्या कडा जास्त सरळ आणि पृष्ठभाग जास्त एकसारखा दिसतो. जुना खांब कोणता, नवा कोणता, हे ओळखणे हा मुलांसाठी उत्तम उद्योग आहे आणि त्यात मोठ्यांचीही फसगत होते.

‘हे कोणी केले?’ हा प्रश्न आणखी अवघड. लेणे कोणी कोरवले हे सांगणारा शिलालेख आज जागेवर नाही. एक शिलालेख होता आणि पोर्तुगिजांनी तो काढून राजाकडे लिस्बनला पाठवला, असे दियोगु द कौटो या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. तो दगड पुढे कुठे गेला, याचा पत्ता लागलेला नाही. एका दगडाबरोबर बांधणाऱ्याचे नावच गेले. त्यानंतर अभ्यासकांनी इतर खुणांवरून तर्क केले. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली, शिवाय त्या घराण्याचा कल शैव पंथाकडे होता. त्यामुळे हे काम कलचुरींच्या काळातले, असे मत आज अधिक मान्य आहे. पूर्वी कोकणातील मौर्यांचे आणि राष्ट्रकूटांचेही नाव घेतले जात असे. राजांची नावे तरी तर्काने सांगता येतात. प्रत्यक्ष छिन्नी चालवणाऱ्या एकाही माणसाचे नाव उरलेले नाही.

माया अवशेषांवर नेमका हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. तिथे राजांची नावे, त्यांच्या जन्माच्या आणि राज्यारोहणाच्या तारखा दगडावर कोरलेल्या आहेत, पण माया लिपी वाचता येईपर्यंत विसावे शतक उजाडले. स्पॅनिश धर्मगुरूंनी १५६२ मध्ये मायांची पुस्तके जाळली आणि लिपी वाचणारे संपले. इकडे लेख हरवला, तिकडे वाचणारा.

मुलाला हे सगळे एका दमात सांगण्याची गरज नाही. पण ‘अमक्यांनी तोडले’ एवढे म्हणून पुढे जाण्यापेक्षा ‘काही माणसांनी, काही पाण्याने, आणि नक्की किती कोणी ते शोधणे चालू आहे’ हे उत्तर जास्त खरे आहे. दहा वर्षांच्या मुलाला ते झेपते.

बेटावर कोण राहते?

मेक्सिकोतील वाटाड्यांना पर्यटक हमखास विचारतात की माया लोक कुठे नाहीसे झाले. ते नाहीसे झालेले नाहीत. सुमारे ३० माया भाषा आजही मेक्सिको, ग्वाटेमाला आणि आसपास बोलल्या जातात आणि पुष्कळदा हा प्रश्न ज्याला विचारला जातो तो वाटाड्या स्वतःच माया असतो.

घारापुरीतही पर्यटकांना बेट म्हणजे फक्त लेणी वाटते. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे इथे आहेत, वस्ती हजार-बाराशेची. लेण्याच्या पायऱ्यांवरचे दुकानदार, छोटी गाडी चालवणारे आणि खाणावळीवाले हे बहुतेक याच गावांतले. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे या गावांना कायमची वीज नव्हती. संध्याकाळचे काही तास जनरेटर चाले. न्हाव्याच्या बाजूने समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून महावितरणने फेब्रुवारी २०१८ मध्ये इथे वीज पोहोचवली. जगाच्या वारसा यादीत नाव लागून तेव्हा ३० वर्षे उलटली होती. दवाखाना आणि पुढचे शिक्षण यांसाठी आजही समुद्र ओलांडावा लागतो. नवी मुंबईतून सहलीला आलेल्या मुलाला ज्या बोटीची मजा वाटते, ती बोट इथल्या त्याच्याच वयाच्या मुलासाठी एसटी आहे. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. शेवटची बोट सुटली की बेट गावकऱ्यांचे होते.

मोराबंदर हे गाव न्हावा-शेवा बंदराच्या समोर आहे. इथल्या किनाऱ्यावर रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे लेणे कोरले जाण्याच्या आधीपासून दूरदेशीची जहाजे या बाजूला येत होती. जवळच्या टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. तिकडे चढून गेले, तर समोर कंटेनर उचलणाऱ्या क्रेन दिसतात. लहान मुलांना एवढी चढण जड जाते. आठवी-नववीतल्यांना न्यायला हरकत नाही. या वयाची मुले मूर्तींपुढे फार रेंगाळत नाहीत, पण जहाजे आणि व्यापार म्हटले की त्यांचे प्रश्न सुरू होतात.

मग हत्ती कुठे गेला?

पोर्तुगीज राजबंदरजवळ उतरले तेव्हा त्यांना किनाऱ्यालगत एक भव्य दगडी हत्ती दिसला आणि त्यांनी बेटालाच हत्तीचे नाव दिले, त्यावरून एलिफंटा. नाव ऐकून आलेली मुले हत्ती शोधतात आणि तो न सापडल्याने हिरमुसतात. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न केला. उचलताना तो खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत, भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणून ठेवले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. फुटला नसता, तर आज तो लंडनच्या एखाद्या संग्रहालयात असता.

आता तो जिजामाता उद्यानाच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उघड्यावर उभा आहे. त्याच्या अंगावरचे सांधे जवळ गेल्यावर दिसतात. प्राणी पाहायला आलेल्या शाळांच्या सहली बहुधा त्याच्यापुढून न थांबता निघून जातात. घारापुरीहून परतलेल्या मुलांना पुढच्या एखाद्या रविवारी तिथे नेले, तर बेटावरचा अर्धवट राहिलेला शोध पुरा होतो. सीबीडी बेलापूरहून हार्बरच्या लोकलने निघून कुर्ल्याला मध्य रेल्वेची गाडी बदलली की भायखळा येते. लेणी पाहायची तर सोमवार टाळावा, हत्ती पाहायचा तर बुधवार.